लूप ताणताना या चुका टाळा

ड्रम लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा वाजवलेला तुकडा) संगीताच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्टमध्ये आणला, टेम्पो म्हणजे गती बदलून तो ताणला आणि किकचा ठोका बोथट झाला, हाय-हॅट चरचरू लागली, की सगळा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. खरं तर बिघाड बऱ्याचदा आधीच, लूप कापताना झालेला असतो. म्हणून सेटिंग बदलत बसण्याआधी लांबी तपासा.

१२० बीपीएमचा (मिनिटाला १२० बीट), ४/४ मधला (एका बारमध्ये चार बीट) चार बारचा लूप बरोबर ८ सेकंदांचा हवा: १६ बीट गुणिले ६०, भागिले १२०. शेवटी रिव्हर्बची, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाची, शेपटी राहिली किंवा एमपी३ करताना सुरुवातीला घुसलेली शांतता तशीच ठेवली, की फाइल ८.०५ सेकंदांची होते. सॉफ्टवेअर तिलाच चार बार समजून ८ सेकंदांत बसवतं. शेपटी जास्त असेल तर पहिला ठोका अचूक पडतो, पुढचा प्रत्येक थोडा थोडा लवकर येतो आणि सोळाव्या बीटपर्यंत फरक सुमारे ४७ मिलिसेकंदांवर जातो. इतका फरक कानाला सरळ खटकतो. मेट्रोनोम लावून पहिला ठोका सगळेच तपासतात. तुम्ही शेवटचा बार ऐका.

७० बीपीएमचा लूप सॉफ्टवेअरने १४० चा धरला असेल तर ताणू नका. टेम्पो निम्मा करायचं बटण असतं, तेवढंच पुरतं.

आता मोड, म्हणजे ताणण्याची पद्धत. एबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरमध्ये ड्रमसाठी ‘बीट्स’ आणि पूर्ण मिक्ससाठी ‘कॉम्प्लेक्स’ किंवा ‘कॉम्प्लेक्स प्रो’ ठेवा. ‘प्रो’ नाव पाहून ते सगळीकडे लावण्याची सवय मला फार नुकसानीची वाटते, कारण त्यात स्नेअरची धार जाते. ‘बीट्स’मध्ये टेम्पो बराच उतरवला तर ठोक्यांमध्ये पोकळी पडते, तिथे ट्रान्झियंट लूपचा पर्याय (ही पोकळी कशी भरायची ते ठरवणारा) बदलून पाहा. आणि फरक थोडाच असेल तर ‘री-पिच’चा (वेगाबरोबर पट्टीही बदलणाऱ्या मोडचा) विचार जरूर करा. १०० वरून १०६ वर नेलं तर पट्टी साधारण एक सेमीटोन (अर्धा स्वर) चढते. नुसत्या ड्रमला ते सहसा चालून जातं, शिवाय आवाज चिरफाड न होता येतो. सुरांचा लूप असेल तर अर्थातच नाही.

प्रत्येक ठोक्यावर वॉर्प मार्कर (ठोक्याची जागा धरून ठेवणारी खूण) ठोकून तो ग्रिडवर, म्हणजे बीटच्या अचूक रेषेवर, ओढणं ही मला सर्वांत वाईट चूक वाटते. वाजवणाऱ्याने स्नेअर जरा मागे ठेवलेली असते, त्यातच त्या लूपचा सगळा डौल असतो. मार्कर बारच्या सुरुवातीला ठेवा, मधल्या ठोक्यांना हात लावू नका.

लूप फिरताना ‘टक्’ ऐकू येत असेल तर काप आवाजाच्या लाटेच्या शून्य रेषेवर नाही. स्टीरिओत डावी-उजवी लाट एकाच क्षणी शून्यावर येईलच असं नाही, म्हणून शेवटी ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर उतरवा. सुरुवातीला मात्र जपून, नाहीतर किकची पहिली थापच खाल्ली जाईल.

ताणलेला लूप बाउन्स करून (नव्या फाइलमध्ये उतरवून) तोच पुन्हा ताणू नका; दोन्ही वेळचे डाग एकावर एक साचतात. मूळ फाइल वेगळी ठेवा आणि नवा टेम्पो ठरला की तिच्यापासूनच सुरुवात करा. एवढं करूनही लूप वेगळ्याच पट्टीत आणि घाईत वाजत असेल तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) बघा: ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न होता ४८ वर वाजली की १२० चा टेम्पो १३० च्या वर जातो आणि पट्टी जवळपास दीड सेमीटोन चढते.