बालवाडीत नव्याने शिकवायला जाताय? आधी खेळाचा तास समजून घ्या

जून आला की बडोद्यातल्या बालवाड्यांमध्ये नव्या शिक्षिका रुजू होतात. कुणी नुकतीच पदविका घेतलेली असते, कुणी स्वतःची मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागलेली. ओळखीतल्या अशा मुली मला फोन करतात आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो, "ताई, पहिल्या आठवड्यात काय शिकवायचं?" माझं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे: मोकळ्या खेळाचा तास नीट चालव. वाट बघणं, राग आवरणं, मागून घेणं, नाही म्हणणं, दुसऱ्याचं 'नाही' ऐकून घेणं, हे सगळं तीन ते सहा वर्षांचं मूल याच तासात शिकतं. फळ्यावर लिहून यातलं काहीही शिकवता येत नाही.

आधी वेळेचं बघू. बालवाडी तीन ते चार तासांची. त्यात प्रार्थना, गोलातल्या गप्पा, डबा, गोष्ट, मैदान हे सगळं बसवायचं म्हणून खेळाला पंधरा मिनिटं देतात आणि मग "मुलं नुसती सैरावैरा धावतात" अशी तक्रार येते. पंधरा मिनिटांत दुसरं काय होणार? पहिली दहा मिनिटं मुलं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतात, हे उचल, ते ठेव करतात. खेळाला कथा सापडते ती त्यानंतर: दुकान उघडतं, बाळ आजारी पडतं, बस सुरसागरवरून सुटून कमाटीबागेला निघते. तेवढ्यात घंटा वाजली की कथा तिथेच संपते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरण्यापासून सुरुवात. म्हणून सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं हवीतच. बाकीच्या तासांना कात्री लावा, याला नको.

वर्गाच्या मांडणीने अर्धी भांडणं टळतात. ठोकळ्यांचा कोपरा येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नका. कुणाचा तरी पाय लागून मनोरा पडतो आणि रडारड सुरू होते. भातुकली ठोकळ्यांच्या शेजारी असावी, कारण घर बांधणारे आणि घरात स्वयंपाक करणारे हळूहळू एकत्र येतात. पुस्तकांची सतरंजी दूर, भिंतीकडे. दमलेल्या किंवा रुसलेल्या मुलाला तिथे जाऊन बसता येतं. खेळण्यांचे प्रकार कमी ठेवा, पण तीन वर्षांच्या मुलांसाठी एकाच वस्तूचे चार-पाच नग ठेवा. या वयात मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले, त्यात या समांतर खेळाची नोंद आहे: एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं, समांतर खेळणं, थोडी देवाणघेवाण करत खेळणं आणि शेवटी मिळून, ठरवून खेळणं. तीन वर्षांच्या मुलाला "शेअर कर" म्हणून हातातली गाडी काढून घेतली, तर तो वाटून घेणं शिकत नाही, मोठी माणसं वस्तू काढून घेतात एवढंच शिकतो. साडेचार-पाच वर्षांच्या गटात मात्र मी मुद्दाम एकच कुकर, एकच तराजू ठेवते. या वयात त्यांना वाटाघाटी जमायला लागलेल्या असतात.

आता भांडणाचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या शिक्षिकांची खरी परीक्षा इथेच असते.

भातुकलीतला तो एकुलता एक कुकर. एका मुलाने दांडा धरलाय, एक मुलगी झाकण ओढतेय. "मारुं छे!" (माझं आहे!) "नाही, मी आधी घेतला!" आपल्या वर्गात गुजराती आणि मराठी अशी एकाच भांडणात येतात. लांबून ओरडून सांगू नका. जवळ जा, खाली बसा, तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. कुकरवर हात ठेवा आणि शांतपणे सांगा, "कुकर आता मी धरलाय. तुम्हा दोघांनाही तो हवा आहे." मग एकेकाला बोलू द्या आणि ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत परत सांगा. "तुला भात करायचाय. तुला पण करायचाय." कोण आधी आलं याचा तपास करू नका, तो कधीच लागत नाही. त्यानंतर एवढंच विचारा, "कुकर एक आणि तुम्ही दोघं. काय करू या?" आणि गप्प बसा.

हे गप्प बसणं फार अवघड असतं. अर्धा मिनिट खूप मोठा वाटतो, तोंडात उत्तर तयार असतं. ते गिळा. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "तू भात कर, मी शिटी करते." मुलाने विचार केला आणि त्यालाही शिट्टी हवी झाली. शेवटी तीन शिट्ट्या तिच्या, तीन त्याच्या असं ठरलं आणि दोघं मोठमोठ्याने मोजत बसले. मी "दोन-दोन मिनिटं घ्या" असा निकाल दिला असता तर भांडण मिटलं असतं, पण पुढच्या वेळीही दोघं माझ्याकडेच आले असते.

लगेच मध्ये पडायचं तेही ठरलेलं आहे. मारणं, चावणं, डोळ्यापाशी काठी, पायऱ्यांवर ढकलणं, इथे वाट बघायची नाही. हात धरा आणि म्हणा, "मी मारू देणार नाही." आणखी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: प्रत्येक वेळी तेच मूल माघार घेतंय का? वर्ग शांत दिसतो म्हणून ते मूल नजरेतून सुटतं. त्याच्या शेजारी बसून "तुला ती गाडी अजून हवी आहे का? मग तसं सांग, मी इथेच आहे" असं म्हणावं लागतं, पुन्हा पुन्हा.

जबरदस्तीच्या 'सॉरी'वर माझा विश्वास नाही. मूल सॉरी म्हणतं आणि पळतं, त्याला त्यात काही कळत नाही. ज्याला लागलंय त्याला विचारा, "तुला काय हवंय?" पाणी, ओला रुमाल, किंवा "त्याने लांब बसावं." ज्याने मारलं त्याला ते आणायला सांगा. पाणी आणताना तो रडणाऱ्याचा चेहरा बघतो, आणि दुसऱ्याला दुखतं हे तिथे कळतं.

प्लेग्रुपमध्ये चावणं हमखास होतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाकडे शब्द कमी असतात, म्हणून दात पुढे येतात. केव्हा चावलं ते लिहून ठेवा; बहुतेकदा डब्याच्या आधी, किंवा घसरगुंडीपाशी गर्दी झाली की. डबा दहा मिनिटं अलीकडे घेतला, गर्दी पांगवली, की प्रकार कमी होतो. पालकांना घटना सांगा, पण दुसऱ्या मुलाचं नाव सांगू नका. आणि 'चावरा' हा शब्द वर्गात कुणाच्याही तोंडी, मावशींच्या तोंडीसुद्धा, येऊ देऊ नका. अशी नावं पहिलीपर्यंत मुलाचा पिच्छा पुरवतात.

जूनमधल्या रडण्याबद्दल थोडक्यात. मूल खेळात रमलं की आई मागच्या दाराने गुपचूप निघून जाते, हे थांबवा. दुसऱ्या दिवशी ते मूल खेळत नाही, दारावर नजर ठेवून बसतं. आईने सांगून, हात हलवून जावं. मूल रडलं तरी चालेल. पहिले काही दिवस एकाच बाईने त्याला घ्यावं. आईची ओढणी किंवा घरचा रुमाल दप्तरात असू द्यावा.

जे मूल नुसतं उभं राहून बघतं त्याला "जा ना, खेळ ना" म्हणून ढकलू नका. बघणं हाही खेळातलाच टप्पा आहे. काही दिवस गेल्यावर चालू खेळाला लागणारी एखादी वस्तू त्याच्या हातात द्या. बसचा खेळ चाललाय? कागदाची तिकिटं त्याच्याकडे द्या. मग मुलंच त्याला हाक मारतात.

आपल्या गावाचे सण यासाठी फार उपयोगी पडतात. नवरात्रीच्या आधी वर्गात गरबा घ्या: गोल धरायचा, टाळीच्या ठेक्यावर पाऊल टाकायचं, गाणं थांबलं की तिथेच थांबायचं. अंगातली ओढ आवरून थांबणं मुलं यात आनंदाने शिकतात. उत्तरायणाच्या सुमारास मैदानावर कागदी पतंग आणि फिरकी द्या, मांजा नको, साधा दोरा. पतंग उडवणारा एक, फिरकी धरणारा दुसरा. फिरकीवाल्याने ढील दिली नाही तर पतंग खाली. पाच वर्षांच्या मुलांना सहकार्याचा याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही. गणपतीच्या दिवसांत शाडूची माती आणा. रागावलेल्या मुलाला माती मळायला फार बरं वाटतं.

भावनांचे शब्द मुलाला घरच्या भाषेतच आधी येऊ द्या. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातलं मराठी घर, आवारात गुजराती, शाळेत इंग्रजी, अशी आपली मुलं वाढतात. "मला राग आलाय", "मी रुसलोय" हे मूल ज्या भाषेत म्हणेल त्या भाषेत ऐका. रडणाऱ्या मुलाला इंग्रजी वाक्य पूर्ण करायला लावणारी शाळा मी पाहिली आहे, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही.

पालक विचारणार, "आज काय लिहिलं?" त्यांच्यावर चिडू नका, त्यांची काळजी खरी असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळ केंद्रस्थानी आहे, हे त्यांना सांगा. २०२३-२४ पासून गुजरातमध्ये पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे घाईचं कारणही उरलेलं नाही. यात नवीन काही नाही, हेही सांगा. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करत होत्या, आणि पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालवाडी उघडली. पण पालकांना धोरणापेक्षा जास्त पटते ती त्यांच्या मुलाची नोंद. म्हणून एप्रनच्या खिशात छोटी डायरी ठेवा. रोज दोन-तीन मुलांबद्दल दोन-दोन ओळी लिहा, जे दिसलं तेच. "रागीट आहे" असं नको. "मनोरा पडल्यावर ठोकळे फेकले, थोड्या वेळाने स्वतः गोळा केले, मित्राला मदतीला बोलावलं" असं लिहा. जूनची आणि नोव्हेंबरची नोंद शेजारी ठेवून आईला वाचून दाखवा. मग "काय लिहिलं?" हा प्रश्न बराच मागे पडतो.

शिक्षणाबद्दल विचाराल तर बारावीनंतर पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे; प्रवेशाआधी संस्थेला एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे का ते तपासा. विद्यापीठाचा मार्ग हवा असेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभाग आहे, आणि विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे. कुठलाही अभ्यासक्रम घ्या, खऱ्या वर्गात बसून मुलं बघायला किती दिवस मिळतील ते विचारा. खाजगी बालवाड्यांत सुरुवातीचा पगार कमीच असतो, घरी हिशेब मांडूनच या.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही प्रश्न विचारा. एका वर्गात मुलं किती? २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण आहे. मदतीला मावशी पूर्ण वेळ असतात का? वेळापत्रकात मोकळा खेळ किती मिनिटं, आणि तो रोज होतो की शनिवारीच? मैदान किंवा निदान मातीचं अंगण आहे का? जमलं तर होकार देण्याआधी एक सकाळ त्या वर्गात मागे बसायची परवानगी मागा. त्या सकाळी मुलांचं भांडण झालं की तिथली शिक्षिका काय करते तेवढं बघा, आणि मग ठरवा.