मेंबरच्या ओळखीनं गोल्फ खेळायला जाताय? मग एवढं बघाच

साताऱ्यावरून पुण्याला कुणा मेंबरचे गेस्ट म्हणून प्रायव्हेट क्लबात गोल्फ खेळायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, चूक तुमची झाली तरी बोलणी त्या मेंबरला खावी लागतात. कॉलरवाला टीशर्ट घाला, जीन्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आदल्या दिवशीच फोन करून विचारा. खंबाटकीत ट्रॅफिक लागू शकतं म्हणून तासभर आधीच निघा, टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, चुकला की मागच्या सगळ्यांचा खोळंबा.

बॅगेत 14 च्या वर क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, नकोत. बॉल हरवला तर 2019 पासून शोधायला 3 च मिनिटं मिळतात, आधी 5 होती. आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल आपटून जो खड्डा पडतो ना तो बुजवायला शिकाच, खालून माती उचकटून वर काढायची नाही, मुळं तुटतात आणि तिथं गवताला टक्कल पडतं, फोर्क (त्यासाठीचा छोटा काटा) कडेला खुपसून गवत मधे ढकलायचं, सगळीकडनं, मग पटरनं (ग्रीनवर बॉल ढकलायच्या काठीनं) हलकं दाबायचं. माळी लोक पहाटेपासून त्या गवतासाठी राबतात हो, तसंच सोडून गेलेलं बघून खरंच वाईट वाटतं. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघताना रेक फिरवून वाळू सारखी करा. बॉल माणसांकडे गेला तर लाजू नका, त्यांना सावध करायला जोरात 'फोर' ओरडा. आणि कॅडीला, म्हणजे आपली बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याला, अहो-जाहोच करा, ग्रीनचा उतार त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.