कच्च्या दाण्यांच्या बटरसाठी तेल कोणतं घ्यावं?

फल्लीदाण्यात, म्हणजे शेंगदाण्यात, जवळपास निम्मं तेलच असतं. तिळात आणि चारोळीतही साधारण तेवढंच. मग बटर, म्हणजे दाणे दळून केलेला मऊ लगदा, करताना वरून तेल कशाला? भाजलेला दाणा मिक्सरमध्ये लवकर तेल सोडतो. कच्च्यात ओल शिल्लक असते, त्यामुळे तो बराच वेळ नुसता भुगा होऊन भांड्याच्या कडेला चिकटून बसतो. तो भुगा फिरता करणं, एवढंच वरच्या तेलाचं काम. 250 ग्रॅम फल्लीदाण्यांना एक ते दोन चहाचे चमचे पुरतात, तिळाला किंवा भोपळ्याच्या बियांना तीन-चार. चमचा 5 मिलीचा धरा. याहून जास्त लागायला लागलं, तर बहुतेक वेळा दाणाच ओला असतो.

म्हणून आधी दाणा वाळवा. हिवाळ्यात दोन दिवस चार-चार तास ऊन पुरतं. मे महिन्यात मात्र टिनाच्या छपरावर टाकू नका. टिन इतकं तापतं की दाण्यातलं तेल तिथेच खवट व्हायला लागतं. सावलीत कापडावर, पंख्याखाली पसरा. दाणा बोटांनी मोडताना ‘कट’ आवाज आला की झालं. वाळवतानाच काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे वेचून फेका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही, कच्च्यात तर ते जसंच्या तसं राहतं. घाणीच्या तेलालाही हेच लागू: ते तेल रिफाइंड होत नाही, त्यामुळे खराब फल्लीचा दोष तेलात उतरतो. घाणीवाल्याकडे माल निवडलेला असतो का, हे बघूनच घ्या.

तेल निवडायचा सोपा नियम म्हणजे ज्याचं बटर, त्याचंच तेल. फल्लीला फल्लीचं, तिळाला तिळाचं. चव बदलत नाही. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखे घटक असतात, ते खवटपणा लांबवतात, म्हणून उन्हाळ्यात दुसऱ्या दाण्यांच्या बटरलाही तिळाचं तेल चालवून घ्यावं. वास थोडा येईल, पण टिकेल. चारोळीची चव नाजूक. तिला करडईचं तेल बरं. त्याला स्वतःची चव जवळपास नसते आणि ते फ्रिजमध्येही गोठत नाही. मात्र नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल खूप असतं, त्यामुळे ते हवेने लवकर बिघडतं. बाटली लहान घ्या.

जवसाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं आणि लोकांचा त्यावर जीवही असतो, पण बटरसाठी ते सगळ्यात अवघड. त्यातला निम्मा भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, जे लिनोलिकहूनही लवकर बिघडतं. हे तेल हवा धरून सुकतं, म्हणून तर रंग आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. ताज्या तेलाला दाण्यासारखा वास असतो. रंगाच्या डब्यासारखा वास आला की टाकून द्या. घालायचंच तर एकच चमचा, अगदी शेवटी, आणि बटर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.

खोबरेल तेल 24-25 अंशांना वितळतं. फ्रिजमधल्या बटरला ते घट्टपणा देतं. मे महिन्यात बाहेर ठेवलेल्या बरणीत त्याचा काही उपयोग नाही, आणि पौषातल्या सकाळी चमचाच रुतत नाही. सरसोचं तेल नको, झणका बटरभर उरतो. रिफाइंड सरकी किंवा सोयाबीन तेलाने बटर होतं, पण ते तेल वास काढताना 200 अंशांच्या वर तापवलेलं असतं. त्यात केलेल्याला कच्चं म्हणण्यात अर्थ नाही.

घाणीवर दोन गोष्टी विचारा. बी गाळायच्या आधी भाजलं की नाही? आणि याआधी घाण्यात काय होतं? सरसोनंतरचा पहिला घाणा असेल तर दुसऱ्याचं तेल मागा. लाकडी घाण्यात गाळताना पाण्याचा शिपका मारतात, त्यामुळे ताज्या तेलात ओल आणि गाळ असतो. दोन-तीन दिवस न हलवता निवळू द्या, वरचंच तेल दुसऱ्या बाटलीत ओता. खालचा गढूळ भाग बटरमध्ये गेला तर पाण्याने बटर आवळतं.

आता दळणं. दाणे 250 ग्रॅम असतील तर मधलं भांडं, 150 ग्रॅम असतील तर चटणीचं. पातं मालात बुडायला हवं. आधी तेलाशिवाय, थांबत-थांबत दळून भुगा करा. सुरुवातीलाच तेल घातलं तर तुकडे पात्यावरून घसरतात आणि बटर कायम रवाळ राहतं. भुग्याचा गोळा व्हायला लागला की एक चमचा तेल. एक मिनिट फिरवा, कडा खरवडा, तीन मिनिटं थांबा. भांड्याच्या तळाला हात टेकवता येत नसेल तर दहा मिनिटं थांबा, नाहीतर कच्चेपणाही जाईल आणि मोटारही. दुसरा चमचा लागलाच तर घाला. मीठ कोरडं आणि बारीक असावं. मध किंवा गुळाचा पाक भांड्यात घालू नका. त्यातल्या ओलीने गुळगुळीत बटर क्षणात कणकेसारखं आवळतं.

बटर काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा. तांब्या-पितळेने तेल लवकर खवटतं. वर तेल तरंगलं तर ढवळा, ओतून देऊ नका, नाहीतर खालचं दगड होतं. उन्हाळ्यात फ्रिज हवाच. लोडशेडिंग जास्त असेल तर एका वेळी 250 ग्रॅमच करा.

आवळलेल्या बटरमध्ये आणखी तेल ओतून ते सुधारत नाही. त्यात कोमट पाणी घालून सैल करा आणि त्याच दिवशी पाटवडीच्या रश्श्यात वाटण म्हणून वापरून टाका.