चेक आणि लॅटिन उपसर्ग: या चुका टाळा

चेक शिकणारा मराठी माणूस उपसर्गांपाशी आला की निर्धास्त होतो. आहार, विहार, संहार, प्रहार शाळेतच घोकलेले असतात ना! घात तिथेच होतो.

'प्सात' म्हणजे लिहिणे. 'पोदेप्सत' सही करणे, 'ओप्सत' नक्कल उतरवणे, 'पोप्सत' वर्णन करणे. इथवर सगळं ओळखीचं. पण 'नप्सत'? त्याचाही अर्थ लिहिणेच, फक्त लिहून पुरं करणे. हे आपल्या 'लिहून टाकणे'च्या जवळचं. संस्कृतची सवय असलेला मात्र इथेही नवा अर्थ शोधत बसतो.

याचा फटका काळाला बसतो. 'पीशु' म्हणजे मी लिहितो, पण 'नपीशु' म्हणजे मी लिहीन. रूप वर्तमानाचं, अर्थ भविष्याचा. म्हणून भविष्यकाळाचं सहायक 'बुदु' जोडून 'बुदु नप्सत' म्हणणं चूक. 'बुदु' फक्त अपूर्ण क्रियापदाला (क्रिया पुरी झाल्याचं न सांगणाऱ्या) लागतो: 'बुदु प्सात'. ही चूक मी स्वतः कितीतरी महिने केली.

शिवाय पूर्णत्वासाठी प्रत्येक वेळी 'न' चालत नाही. पैसे भरण्याच्या 'प्लातित'ला 'झ' लागतो, वाचण्याच्या 'चीस्त'ला 'प्र्शे'. नियम शोधू नका, क्रियापद जोडीनेच पाठ करा. आणि 'पोयेदु' (मी गाडीने जाईन) यातला 'पो' निव्वळ भविष्यकाळाचा. त्याचं मूळ रूप कोशात शोधायला जाऊ नका.

लेखनात 'स्' आणि 'झ्' या उपसर्गांची गल्लत खुद्द चेक लोकही करतात. 'स्'ने सुरू होणारा 'स्प्रावा' म्हणजे व्यवस्थापन, 'झ्'ने लिहिलेला म्हणजे बातमी. उच्चार मात्र एकच! कान इथे उपयोगाचा नाही.

लॅटिनमध्ये अडचण वेगळी: उपसर्ग वेष बदलतो. 'आड' (कडे) हा उपसर्ग आणि 'फेर्रे' (नेणे) मिळून 'अफ्फेर्रे' होतं, त्याचंच भूतकाळी रूप 'अट्टुली'. कधी धातूचा स्वरही बदलतो: 'फाकेरे'चं (करणे) 'कोन्फिकेरे'. त्यामुळे कोशात शब्द सापडला नाही, तर आधी संधी सोडवून पाहा. मराठी माणसाला ते अवघड जाऊ नये.

सर्वांत फसवा 'इन'. एक 'इन' नकाराचा, आपल्या 'अ-', 'अन्-'चा सख्खा भाऊ. दुसरा 'आत, वर' अशा अर्थाचा, त्याचा नकाराशी काही संबंध नाही. 'इन्फ्राक्टुस' म्हणजे मोडलेला आणि न मोडलेलाही. कुठला ते आजूबाजूचं वाक्यच सांगतं.