रिफ्रॅक्टरमधली जांभळी झालर: भिंगाचं डिझाइन कसं निवडायचं आणि हातातल्या दुर्बिणीत रंग कमी कसा करायचा

गुरू बघताना कडेला जांभळट धूर दिसतोय, चंद्राच्या कडेला निळी-जांभळी रेघ दिसतेय, तर दुर्बीण खराब निघाली का? रिफ्रॅक्टर, म्हणजे पुढे भिंग असलेली दुर्बीण, घेतलेल्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हा प्रश्न पडतोच. बहुतेक वेळा दुर्बिणीत काही बिघाड नसतो, तिचं डिझाइनच तेवढं असतं, आणि हे विकत घ्यायच्या आधी बॉक्सवरच्या दोन आकड्यांवरून कळू शकतं, पण दुकानदार झूम किती पट तेवढंच सांगतो.

आधी तो रंग खरंच पुढच्या भिंगाचा आहे का ते बघा, कारण रंग तीन ठिकाणांहून येतो. ग्रह क्षितिजाजवळ असेल तर हवाच प्रिझमसारखी वागते, तेव्हा ग्रहाच्या एका बाजूला लाल आणि बरोबर समोरच्या बाजूला निळा दिसतो. त्यावर कुठलंही महागडं भिंग उपाय नाही, ग्रह वर येईपर्यंत थांबायचं. गुरू मिथुन राशीत असला की महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो, मान मोडते पण हवेचा रंग नाहीसा होतो. दुसरं, ग्रह मधोमध असताना स्वच्छ आणि कडेला नेला की रंगीत होत असेल तर दोष आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचा. झालर चारी बाजूंनी सारखी असेल, ग्रह मधोमध आणि आकाशात उंच असतानाही, तर मग ती पुढच्या भिंगाची.

अजून खात्री करायची तर व्याध किंवा अभिजित घ्या, मोठं मॅग्निफिकेशन लावा आणि फोकस थोडा आत थोडा बाहेर करून बघा. आयपीस भिंगाकडे सरकवल्यावर ताऱ्याच्या पसरट चकतीला जांभळट-लालसर कड आणि बाहेर ओढल्यावर पोपटी कड दिसली, तर तो साधा अॅक्रोमॅट, म्हणजे दोन काचांचं नेहमीचं भिंग, आहे आणि नीट बनवलेला आहे. कड एकाच बाजूला जाड दिसत असेल तर भिंग तिरकं बसलंय, म्हणजे कोलिमेशनचं, भिंग सरळ बसवायचं, काम आहे. फक्त हे बघताना तारा उंच असू द्या, नाहीतर परत हवाच फसवते.

आता हे का होतं? काच निळ्या प्रकाशाला जास्त वाकवते आणि लाल प्रकाशाला कमी, त्यामुळे एकाच भिंगातून प्रत्येक रंगाचा फोकस वेगळ्या अंतरावर पडतो. सतराव्या शतकात यावर एकच तोडगा होता, फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून फोकसपर्यंतचं अंतर, वाढवत न्यायची, आणि त्या नादात हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने डांझिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जवळपास ४६ मीटर लांबीची दुर्बीण दोरखंडांवर टांगली होती. न्यूटनने तर भिंगातून हा दोष जाणारच नाही असं मानलं आणि आरशाची दुर्बीण केली. तिथे त्याचा अंदाज चुकला, कारण सगळ्या काचा रंग सारख्या प्रमाणात पसरवत नाहीत. १७३० च्या दशकात चेस्टर मूर हॉल नावाच्या इंग्लिश वकिलाने क्राउन काचेचं बहिर्वक्र आणि फ्लिंट काचेचं अंतर्वक्र अशी दोन भिंगं जोडली, आणि १७५८ मध्ये जॉन डॉलंडने त्याचं पेटंट घेतलं. असं सांगतात की हॉलने गुपित फुटू नये म्हणून दोन भिंगं दोन वेगळ्या कारागिरांकडे दिली, आणि त्या दोघांनी ती घासायला एकाच माणसाकडे पाठवली!

हाच अॅक्रोमॅट आजही जवळपास सगळ्या स्वस्त रिफ्रॅक्टरमध्ये असतो. यात लाल आणि निळा एका ठिकाणी येतात पण पिवळा-हिरवा त्यांच्या जरा अलीकडे राहतो आणि जांभळा पार लांब जातो. आपला डोळा हिरव्या-पिवळ्यावर फोकस करतो, मग उरलेला लाल आणि जांभळा मिळून ती झालर. ती किती दिसेल ते माणसावरही आहे, वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि ते जांभळा प्रकाश अडवतं, त्यामुळे त्याच दुर्बिणीतून नातवाला झालर दिसते आणि आजोबा म्हणतात कुठे काय.

किती उरतो हा फरक? नेहमीच्या काचांच्या जोडीत साधारण फोकल लेंथचा दोन हजारावा भाग. १०२ मिमी व्यास आणि ५०० मिमी फोकल लेंथची दुर्बीण घेतली, म्हणजे एफ/५ (फोकल लेंथ भागिले व्यास, हाच एफ नंबर), तर फरक पाव मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण एफ/५ ला फोकस चालवून घेण्याची मर्यादाच जेमतेम ०.०५५ मिमी असते, म्हणजे फरक साडेचारपट मोठा. तोच १०२ मिमी व्यास १००० मिमी फोकल लेंथमध्ये घेतला तर फरक अर्धा मिलिमीटर होतो, पण मर्यादा ०.२२ वर जाते, म्हणजे सव्वादोनपट. आणि जुनी ६० मिमी व्यासाची ९०० मिमीवाली सडपातळ दुर्बीण असेल तर फरक ०.४५ आणि मर्यादा ०.५ च्या आसपास, म्हणजे रंग मर्यादेतच बसला. म्हणून त्या जुन्या लांबुळक्या दुर्बिणीतून शनी असा कोरल्यासारखा दिसतो.

दुकानात उभ्या उभ्या करायचा हिशोब याहून सोपा आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि ०.१२ ने गुणा, जो आकडा येईल तेवढा किंवा त्याहून मोठा एफ नंबर असेल तर रंग सहन होईल इतपतच राहतो. ०.२ ने गुणून येणारा आकडा गाठला तर रंग जवळजवळ नाहीच असं समजा. ७० मिमीला ८.४ लागतो आणि सेलेस्ट्रॉनच्या ७० मिमी, ९०० मिमीवाल्या अॅस्ट्रोमास्टरचा एफ नंबर १३ च्या जवळ आहे, मस्त. १०२ मिमीला १२ लागतो, १००० मिमीवाली एफ/९.८ ला थांबते, म्हणजे गुरू, शुक्र आणि चंद्राच्या कडेला थोडा रंग दिसणार पण मजा जाणार नाही. ८० मिमी व्यासाची ४०० मिमीवाली छोटी गुटगुटीत दुर्बीण एफ/५ असते आणि लागतो ९.६, तिच्यातून कृत्तिका आणि आकाशगंगेचा पट्टा सुंदर दिसतो, ग्रहांची अपेक्षा ठेवू नका. आणि व्यास वाढेल तसा हा नियम जास्त जाचक होतो. येर्किसची १८९७ ची ४० इंची दुर्बीण, जगातली सगळ्यात मोठी रिफ्रॅक्टर वेधशाळा-दुर्बीण, एफ/१९ ची आहे, नळी १९ मीटरच्या आसपास, तरी या हिशोबात कुठेच बसत नाही.

यापुढे ईडी भिंगं, म्हणजे रंग कमी पसरवणाऱ्या काचेची. काच रंग किती कमी पसरवते ते अॅबे नंबरवरून कळतं, जास्त आकडा म्हणजे कमी पसरट. साधी क्राउन ६४, फ्लिंट ३६ च्या आसपास, ओहारा कंपनीची एफपीएल-५१ आणि होया कंपनीची एफसीडी-१ या काचा ८१-८२, तर एफपीएल-५३, एफसीडी-१०० आणि फ्लोराइट हे ९५ च्या घरात. साध्या क्राउनच्या जागी यातली काच घातली की ईडी डबलेट, म्हणजे दोन भिंगांची ईडी जोडी. पण नुसता आकडा बघून भुलू नका, जोडीदार काच कुठली आहे त्यावर अर्धा खेळ असतो. एफपीएल-५३ ला चुकीचा जोडीदार मिळाला तर ती चांगल्या जोडीतल्या एफपीएल-५१ पुढे फिकी पडू शकते. स्कायवॉचरची ८० मिमी, ६०० मिमीवाली ईडी ही एफपीएल-५३ ची एफ/७.५ डबलेट आहे, आणि डोळ्याने बघणाऱ्याला त्यात रंग शोधावा लागतो. ताकाहाशी आपल्या एफसी मालिकेत फ्लोराइट वापरते, तिची १०० मिमीवाली एफ/७.४ ची डबलेटच आहे, म्हणजे दोन भिंगांतही उत्तम काम होतं.

ट्रिपलेट म्हणजे तीन भिंगं, तीन रंग एका ठिकाणी आणायला सोपं पडतं आणि एफ/६ सारख्या वेगवान, म्हणजे छोट्या एफ नंबरच्या, नळीतही रंग आटोक्यात राहतो. किंमत मोठी उडी घेते, वजन पुढच्या टोकाला येतं आणि थंड व्हायला वेळ लागतो. एसीच्या खोलीतून मुंबईच्या दमट गच्चीवर आणली तर भिंगावर लगेच धुकं धरतं. पेटझवाल किंवा क्वाड्रुप्लेट म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन भिंगं, फोटोचं क्षेत्र कडेपर्यंत सपाट, ताकाहाशीची एफएसक्यू-१०६ एफ/५ ची आहे ती याच जातीची. फोटो काढत नसाल तर त्यावर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नळीवर 'अपो' (अपोक्रोमॅट, म्हणजे रंग जवळजवळ नसलेलं भिंग) लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. अॅबे नंबर ज्याच्या नावाचा त्या अॅबे या जर्मन शास्त्रज्ञाने त्या शब्दाला कडक व्याख्या दिली होती पण आज कुणी काहीही छापतं, काचेचं नाव, एफ नंबर आणि शक्य असेल तर जोडीदार काच विचारा, नाव सांगत नसेल तर साधीच समजा.

आता असलेल्या दुर्बिणीचं काय करायचं. सगळ्यात भारी उपाय फुकट आहे, अपर्चर मास्क, म्हणजे भिंगाचं तोंड लहान करणारं झाकण. पुढच्या झाकणाकडे नीट बघा, बऱ्याच स्वस्त दुर्बिणींच्या मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं, ४०-५० मिमीचं, लोकांना वाटतं ते शोभेचं आहे. फक्त ते छोटं उघडलं की १०२ मिमी एफ/५ ची दुर्बीण ५० मिमी एफ/१० होते आणि चंद्र एकदम साफ दिसतो. मला ५० कमीच वाटतं, जाड काळ्या कार्डशीटमधून कंपासने ६० मिमीचं गोल कापून घ्या, एफ/८.३ मिळतो आणि ६० ला लागतो ७.२. गोल मधोमध असलं पाहिजे, कड स्वच्छ कापलेली हवी, आणि जमेल तेवढं भिंगाजवळ बसवा, भिंगाला न चिकटवता. प्रकाश मात्र एक तृतीयांशच उरतो आणि बारकाईही कमी होते, जेमतेम वेगळे दिसणाऱ्या दोन ताऱ्यांमधलं अंतर १.१ कोनीय सेकंदावरून १.९ वर जातं, म्हणून नेब्युला बघताना मास्क काढा. चंद्र, शुक्र, गुरूकडे उजेड भरपूर असतो, तिथे हा सौदा परवडतो.

मग फिल्टर. फिकट पिवळा ८ नंबर स्वस्त आणि कामाचा, जांभळा छाटतो, चंद्र पिवळट दिसतो पण पाच मिनिटांत डोळ्याला सवय होते. बाडर कंपनीचे फ्रिंज किलर, सेमी-अपो, कॉन्ट्रास्ट बूस्टर हे महाग पण रंगछटा कमी बिघडवणारे. फिल्टर आयपीसला न लावता डायगोनलच्या (नळी आणि आयपीसमधल्या वाकड्या जोडाच्या) पुढच्या तोंडाला फिरवता येत असेल तर तिथे लावा, म्हणजे आयपीस बदलताना परत परत काढावा लागत नाही. पण फिल्टर रंग कापतो, धूसरपणा पूर्ण घालवत नाही, त्यामुळे आधी मास्क, मग फिल्टर.

बाकी छोट्या गोष्टी. एफ/५-६ च्या नळीला प्रिझम डायगोनलपेक्षा आरशाचा डायगोनल लावा, प्रिझमची काच स्वतःचा रंग घालते. फोकस चंद्राच्या कडेवर करू नका, विवराच्या आतल्या बारीक सावलीवर करा. शुक्र पूर्ण अंधारात बघू नका, सूर्य मावळल्यावर लगेच उजेड असतानाच बघा, चमक कमी आणि झालरही कमी. सूर्य बघायचाच असेल तर सोलर फिल्म दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला पूर्ण झाकून लावायची, आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर बॉक्समध्ये आला असेल तर तो फेकून द्या, तो तडकला तर डोळा जातो.

आणि भिंग खोलू नका, प्लीज. हवेची फट असलेल्या डबलेटमध्ये दोन भिंगांच्या मध्ये फॉइलचे तीन बारके तुकडे असतात, त्यांची जाडी आणि भिंग कसं फिरवून बसवलंय यावर सगळं अवलंबून असतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरायची भीती असते म्हणून लोक खोलून पुसतात आणि मग रंगही वाढतो आणि ताराही टोकदार होत नाही. त्यापेक्षा सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, झाकण लावायच्या आधी दव पूर्ण सुकू द्या.

कॅमेऱ्याला झालर डोळ्यापेक्षा जास्त दिसते, कारण सेन्सर जांभळा प्रकाश आपल्यापेक्षा जास्त टिपतो, ताऱ्यांभोवती निळे फुगे येतात ते यामुळेच. यूव्ही-आयआर कट (अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणाऱ्या) फिल्टरने थोडं सुधारतं, ४९५ नॅनोमीटरच्या खालचं सगळं कापणारा लाँगपास लावला तर बरंच, पण निळा रंगच जातो. मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेरा असेल तर लाल, हिरवा, निळा वेगवेगळा घ्या आणि प्रत्येक फिल्टरला नव्याने फोकस करा, अॅक्रोमॅटमधूनही थक्क करणारे फोटो येतात. आणि एकच रंग घ्यायचा असेल, म्हणजे चंद्र हिरव्या फिल्टरमधून किंवा नेब्युला एच-अल्फामधून (हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढाच सोडणारा फिल्टर), तर दुर्बीण अॅक्रोमॅट आहे की अपो याने झालरीला काही फरकच पडत नाही, कारण झालर व्हायला दुसरा रंगच शिल्लक नसतो. स्वस्त १०२ मिमी नळी, एक मोनो कॅमेरा आणि एक हिरवा फिल्टर, चंद्राच्या फोटोंना सुरुवात करायला एवढं पुरतं.