भाताच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात स्वच्छ काय उमटलं असेल, तर पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू. सकाळी साडेसहाला, घर शांत आहे असं समजून, मी तुकोबांचा एक अभंग गायले होते. तो ऐकवायला सासूबाईंना बोलावलं. त्यांनी हेडफोन कानाला लावला, अर्धं मिनिट ऐकलं, हेडफोन काढला आणि दाराकडे बघत म्हणाल्या, “पोदेर आयलो मगो!” आणि पावासाठी सुटे पैसे शोधायला गेल्या. माझ्या गाण्याबद्दल त्यांनी अजूनही काही म्हटलेलं नाही.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. मी गावच्या महिला भजनी मंडळात गाते, नवरा तबल्याला बसतो. पोटापाण्याचे उद्योग दोघांचेही वेगळे. मंडळातल्या बायकांना सरावासाठी चाली हव्या असायच्या आणि मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये झांजांपलीकडे काही ऐकू येत नसे. त्यातून घरीच नीट रेकॉर्डिंग करायचं हे खूळ सुरू झालं. आता दोन वर्षं झाली. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, “आम्हीही करू म्हणतो, काय काय घ्यायचं?” प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

तर, काय घ्यायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कुठे बसायचं आणि किती वाजता.

मी सुरुवात उलटी केली. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि एक स्वस्तातला कंडेन्सर माइक मागवला. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला कळेल अशा आकड्यांत बदलणारी डबी, ती यूएसबीने जोडायची. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याचं बटण इंटरफेसवरच असतं. ते दाबल्यावर माइक जिवंत झाला आणि आमच्या हॉलमधलं सगळं त्याला ऐकू येऊ लागलं. पंखा, फ्रिज, शेजारचा पंप, रस्त्यावरचा मासेवाला, आणि गुळगुळीत लाद्यांवरून व भिंतींवरून परत येणारा माझाच आवाज. न्हाणीघरात गायल्यासारखं वाटत होतं. न्हाणीघरात स्वतःला ते आवडतं, रेकॉर्डिंगमध्ये नाही.

तुमच्या घरातली खोली निवडायची सोपी युक्ती आहे. प्रत्येक खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे घुमाऱ्याचं शेपूट ऐकू आलं तर ती खोली नको. आमच्याकडे शेपूट नसलेली एकच खोली निघाली, मागची, भाताची. एका भिंतीला भाताची पोती, दुसऱ्या बाजूला जास्तीच्या गाद्या आणि जुन्या वाकळी. पोती आवाज गिळतात. मी आता पोत्यांकडे तोंड करून नाही, पाठ करून बसते, कारण गाणाऱ्याच्या मागची भिंत माइकला समोर दिसत असते. उंदरांचा बंदोबस्त तेवढा आधी करावा लागला. ज्यांच्याकडे पोती नाहीत त्यांनी साड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यापुढे बसावं. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला लावू नका. त्याने बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही आणि आतला घुमारा म्हणावा तसा जात नाही.

वेळेचं म्हणाल तर गोव्यासारखी सोय दुसरीकडे क्वचित असेल. दुपारी दोन ते चार. दुकानं बंद, माणसं जेवून आडवी, कुत्रीसुद्धा झोपलेली. लोक आपल्या सुशेगादपणाला हसतात, माझी निम्मी रेकॉर्डिंगं त्याच्या जिवावर झाली आहेत. पंखा बंद करावा लागतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत एक अभंग, मग दार उघडून पाच मिनिटं वारा, मग पुढचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जर लावला की काही घरांत बारीक गूं गूं येतं. आमच्याकडे यायचं, आणि मी चार दिवस माइकला दोष देत होते.

माइक कुठला, हे आता सांगते. घर शांत नसेल तर डायनॅमिक माइक घ्या. भजनाच्या स्टेजवर दिसतो तो जाळीच्या गोळ्याचा. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून निघतो आणि अजून सगळीकडे चालतो. पण खरी करामत माइकपेक्षा अंतराची. अंतर निम्मं केलंत की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, लांबचा पंखा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून डायनॅमिकजवळ चार बोटांवर गायचं. इतक्या जवळ ‘प’, ‘फ’, ‘भ’ आले की माइकवर फुंकर बसते. आणि आपल्याकडे पंढरी, पांडुरंग, भक्ती यांच्यावाचून अभंग पुढे सरकत नाही. माइक तोंडाच्या सरळ रेषेत न धरता जरा तिरका ठेवा, किंवा पॉप फिल्टर लावा. माझा पॉप फिल्टर भरतकामाच्या रिंगवर जुन्या पायमोज्याचं कापड ताणून केलेला आहे.

सॉफ्टवेअरवर लोक फार वेळ घालवतात. एकट्याचा आवाज घ्यायचा असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. आवाज, पेटी, तबला वेगवेगळे घेऊन वरखाली करायचे असतील तर मी रीपर वापरते. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, पुढे घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच मिळतं. एक निवडा आणि वर्षभर बदलू नका. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आणि २४ बिटवर (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते) ठेवा. एका माइकचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी होतं, म्हणजे जागेची चिंता नाही.

२४ बिटचा खरा उपयोग भजन गाणाऱ्यांना जास्त आहे. अभंगाची पहिली ओळ आपण खालच्या पट्टीत, निवांत सुरू करतो आणि गजराला येईपर्यंत घर दणाणतं. मी पहिल्या ओळीवर गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, बेतला आणि गजराला मीटर लाल झालं. लाल झालेला आवाज फाटतो, तो नंतर नीट होत नाही. म्हणून आधी गजर म्हणा, पूर्ण जोरात, आणि त्याला मीटरचा काटा उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा. मग पहिली ओळ बारीक दिसेल. दिसू दे. २४ बिटमध्ये ती नंतर वर उचलता येते, खरखर येत नाही.

आता आमचं भांडण. तबला नंतर घालायचा ठरलं. माझं गाणं आधी झालेलं, नवरा हेडफोनवर ते ऐकत वाजवणार. पंचवीस वर्षं तबला वाजवणारा माणूस, आणि ऐकायला बसलो तर प्रत्येक सम मागे. मी म्हटलं, “ठेका मागे पडतोय तुझा.” तो म्हणाला, “तूच पळतेस.” तीनदा वाजवलं, तीनदा तसंच. दोन दिवस घरात बोलणं कामापुरतंच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की त्याच्या कानाला ब्लूटूथचा हेडफोन होता. ब्लूटूथने आवाज कानात पोचायला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागू शकतो. आमची लय मिनिटाला १०० मात्रांची, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. आवाज २०० मिलिसेकंद उशिरा आला तर मात्रेचा तिसरा हिस्सा गेला. बिचारा जे ऐकत होता त्याच्या बरोबर समेवर येत होता. तेव्हा रेकॉर्डिंगला तारेचाच हेडफोन, आणि कान पूर्ण झाकणारा, नाहीतर त्यातला आवाज माइकमध्ये शिरतो.

तारेचा हेडफोन लावूनही थोडा उशीर जाणवला तर तो कॉम्प्युटरचा असतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ये-जा लवकर करणारं छोटं सॉफ्टवेअर) घाला आणि रेकॉर्ड करताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने, १२८ वर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते तीन मिलिसेकंदांहून कमी होतं. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तरी हाताला कळत नाही. नंतर मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, बसताना बफर १०२४ करा, नाहीतर लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात टक टक येते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर गाताना तेच दाबा, मग कॉम्प्युटर मध्ये येतच नाही.

पेटीने वेगळाच इंगा दाखवला. आमची पेटी आजेसासऱ्यांची, नाटकाच्या तालमींना जायची. तिच्यामागे मी कॉम्प्युटरमधल्या एका वाद्याचा मंद सूर भरायला गेले, तर दोन्ही एकमेकांना चावू लागले. ट्यूनरवर बघितलं तर पेटीचा ‘ए’ हा स्वर ४४६ हर्ट्झला, कॉम्प्युटरचा ४४०. काळी-पांढरीच्या एका घराचा जवळजवळ चौथा हिस्सा वर. पेटी उतरवून घ्यायची गरज नाही. बहुतेक सॉफ्टवेअर वाद्यांत आणि तानपुऱ्याच्या ॲपमध्येही सूर बारीक सरकवायची सोय असते. सगळ्यांनी पेटीकडे यायचं, वयाने ती मोठी. तबलाही आधी त्याच सुराला हातोडीने मिळवून घ्या, आणि पावसाळ्यात दर दोन अभंगांनी पुन्हा बघा.

घुमटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याचं मार्गदर्शन इंग्रजी व्हिडिओंमध्ये सापडत नाही. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. मातीचं मडकं, मोठ्या तोंडाला चामडं, मागचं लहान तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं. मी माइक थेट चामड्यासमोर धरला आणि नुसतं चट चट ऐकू आलं. घुमटाचं ‘घुम्म’ मागच्या तोंडातून निघतं, वाजवणारा डाव्या हाताने ते तोंड झाकत-उघडत असतो. माइक मागे नेला तर उलटं झालं. घूं घूं आणि वाऱ्याचा झोत, बोटं गायब. शेवटी वाजवणाऱ्याच्या बाजूला, घुमटापासून हातभर लांब, दोन्ही तोंडं सारखी ‘दिसतील’ अशा जागी माइक ठेवला तेव्हा ते आमच्या देवळातल्या घुमटासारखं वाजलं. जागा सापडायला पाऊण तास गेला, नंतर मिक्सिंगमध्ये त्याला हात लावावा लागला नाही. कासाळं, म्हणजे मोठ्या झांजा, मात्र त्याच माइकच्या जवळ आणू नका. ती वाजवणाऱ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा, तरी ती पुरून उरतात.

मिक्सिंग थोडक्यात. गाण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथे बाईच्या आवाजाचं काही नसतं, पंखा-ट्रकांचंच असतं. रिव्हर्ब, म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेला घुमारा, कमी घाला. देवळाच्या गाभाऱ्यासारखं करायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला, आणि शब्द कळेनासे झाले. झालेली फाइल मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण ऐकणारे त्यावरच ऐकणार. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चाल जुनी पारंपरिक नसून कुणा संगीतकाराची असेल तर इंटरनेटवर टाकण्याआधी विचार करा. अभंग तुकोबांचा असला तरी चालीचे हक्क वेगळे असू शकतात.

किती वेळा गायचं याला मर्यादा घाला. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या काळात एकदा गायलं की झालं, कापाकापी नव्हती. मी एका अंतऱ्याचे सव्वीस टेक घेतले होते आणि शेवटी दुसराच वापरला. आता पाच.

पावसाळ्याची तयारी वेगळी. माइक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. विजा चमकू लागल्या की सगळ्या तारा भिंतीतून काढायच्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की रेकॉर्डिंग संपलं, मग जुन्या फाइलींना नावं द्यायची. ‘न्यू’, ‘न्यू टू’, ‘फायनल’ अशी नावं देऊ नका. अभंग, वाद्य, कितवा टेक, एवढं लिहा. प्रत एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

गेल्या वर्षी चवथीच्या आठ दिवस आधी घुमट-आरती घ्यायची होती आणि पाऊस थांबेना. रविवारी दुपारी अडीचला उघडीप मिळाली. चामडं सर्दावलेलं, ते चुलीशी धरून ताठ केलं, पोत्यांच्या खोलीत पाच माणसं कोंबली. तीन टेक वाया गेले. चौथा छान चालला होता आणि शेवटच्या कडव्याला पत्र्यावर धो धो सुरू झालं. कुणी थांबलं नाही. फाइलीचं नाव ‘आरती_घुमट_४_पाऊस’ असंच आहे, आणि मंडळात तीच फिरते.