पायची किंमत घरच्या डब्यावर कशी काढायची

भाचीला वर्तुळाचा धडा लागलाय, ती म्हणाली मामा पायची (π), म्हणजे परीघ भागिले व्यासाची, किंमत हे २२/७ आलं कुठून, मी म्हणलं पुस्तकातून, अन् मग माझं मलाच कसंतरी वाटलं. म्हणून रविवारी करूनच बघितलं.

ज्वारीच्या पिठाचा सरळ उभा स्टीलचा डबा घ्या, ताट नको, ताटाची कड तिरकी असते, दोरा घसरतो. डबा पालथा घाला. व्यासासाठी मध्यबिंदू शोधत बसू नका, टेपचं टोक कडेला एका जागी दाबून धरा अन् टेप समोरच्या कडेवर हळूहळू सरकवा, सगळ्यात मोठा आकडा येईल तो व्यास. आमचा भरला २८ सेंटिमीटर.

आता परीघ. मी आधी सुतळी गुंडाळली, आलं ८८.६, भागिले २८, म्हणजे ३.१६, भाची हसायला लागली. चूक सुतळीची होती, तिची स्वतःची जाडीच २ मिलिमीटर, म्हणजे ती डबा सोडून जरा मोठाच गोल मोजत होती. मग शिवायचा दोरा काढला, सोलापुरात दोऱ्याला काय तोटा! पाच वेढे मारले, एकाशेजारी एक, एकावर एक चढू द्यायचे नाहीत बघा, सोडवून मोजला तर ४ मीटर ४० सेंटिमीटर. पाचने भागून ८८, अन् २८ ने भागून ३.१४ च्या जरासं वर. पाच वेढे यासाठी की टेपवर एखादा मिलिमीटर चुकला तरी तो पाचांत वाटला जातो.

२२/७ पण अगदी बरोबर नाहीच, आर्किमिडीजने दाखवलंय की पाय त्याच्यापेक्षा किंचित कमी आहे. १ मीटर व्यासाला फरक सव्वा मिलिमीटरचा, टेबलाच्या कव्हरला झालर लावायला लई झालं. आर्यभटाने ४९९ मध्ये ३.१४१६ दिलं अन् वर ते 'आसन्न' आहे, म्हणजे जवळपासचं, हेपण सांगून ठेवलं.

क्षेत्रफळाला भाकरी लागते, पण मऊ. मी कडक घेतली, पहिल्याच सुरीला चुरा झाला, तो शेंगाचटणीबरोबर संपवला. मऊ भाकरीचे मधून कडेपर्यंत १६ सारखे तुकडे करा अन् एकाचं टोक वर, दुसऱ्याचं खाली असे चिकटून मांडा, साधारण आयत होतो. उंची म्हणजे त्रिज्या, लांबी म्हणजे अर्धा परीघ, म्हणजेच पाय गुणिले त्रिज्या. दोन्हींचा गुणाकार केला की पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, सूत्र समोर ताटातच.

आता घरात वाद चालूय, २८ सेंटिमीटरची एक भाकरी जास्त की २० च्या दोन. आई म्हणते मोठी एकच जास्त. जाडी सारखी धरली तर मोठीचं क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर अन् दोन छोट्यांचं मिळून ६२८, पण तिला सांगणार कोण.